खोल माती

"ससा म्हटलं की पळताना मागून काहीतरी पांढरं दिसायला हवं," शेजारचा ऑर्व्हल ब्रँड्ट जाळीच्या कुंपणावर कोपरं टेकून म्हणायचा. "हे तुझं पोरगं पळालं तर पुढून मातीचं, मागूनही मातीचं. कान बघावेत तर उंदराचे. तू उंदीर पाळतेस, आर्डिस. आणि तेही सरकारी खर्चानं."

"पांढरं दिसलं असतं तर ते घारीलाही दिसलं असतं," आर्डिस म्हणायची. "तुझ्या परसातला कोबी खातो तो पांढरशेपट्या वेगळा. त्याला काहीही चालतं. ह्याला चालत नाही."

"मग साहेबांना काय लागतं? पक्वान्नं?"

"सेज."

ह्यावर ऑर्व्हल हमखास हसायचा. सेज म्हणजे आपल्या दवण्याच्या गोतातलं झुडूप. करडं, वासाला चांगलं, पण चवीला कडू जहर. उपाशी मरायची वेळ आल्याशिवाय गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. त्या पाल्यावर हा मूठभर प्राणी अख्खा बर्फाळ हिवाळा काढतो, हे ऑर्व्हलला कधी पटलंच नाही. त्याच्या बापानं आणि आर्डिसच्या बापानं जे जन्मभर उपटून टाकलं, तेच खाऊन कुणीतरी जगतंय, ह्यात त्याला आपल्या घराण्याचा थोडा अपमान वाटायचा.

आर्डिसला मात्र तो अपमान वाटत नसे. तिला वाटायची ती धास्ती. पठारावर लांबकाने ससे हवे तेवढे होते, गव्हाच्या खुंटांतून हरणासारखे उधळायचे. पांढरशेपटेही होते. ह्या बुटक्या जातीचे, ठेंगू ससे तेवढे राहिले नव्हते. जे होते ते त्या कुंपणात होते, आणि कुंपणाची किल्ली आर्डिसकडे होती.

आर्डिस नॉर्बीचा जन्म ह्याच पठारावरचा. खाली दरीत कोलंबिया नदी, नदीकाठी सफरचंदांच्या बागा, आणि वर हे वाऱ्याच्या तोंडी दिलेलं पठार. एक वर्ष गहू, एक वर्ष पडीक, आणि शेतांच्या मधोमध घराएवढाले काळे दगड, कुणीतरी टाकून विसरून गेल्यासारखे. तिचा बाप हाल्वर कमी बोलणारा माणूस होता. त्याचं सगळं बोलणं जमिनीशी. बायकोपोरीशी तो जेवणापुरता बोले. आर्डिस कॉलेजला गेली नाही, कारण ज्या वर्षी जायचं त्या वर्षी गारपीट झाली, आणि पुढच्या वर्षी ड्वेन भेटला.

ड्वेन दिसायला देखणा आणि पायाला भिंगरी लावलेला. तो मासेमारीच्या हंगामाला अलास्कात जाऊ लागला. पहिल्या वर्षी वेळेवर परत आला, दुसऱ्या वर्षी उशिरा आला, तिसऱ्या वर्षी आलाच नाही. मेला नाही, बुडालाही नाही. तिकडे त्यानं दुसरं घर मांडलं. आर्डिस विधवा झाली असती तर शेजारणींनी आठवडाभर रांधून आणलं असतं. हे जे झालं होतं त्यासाठी काय रांधायचं हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून कुणी काहीच आणलं नाही.

त्यांची मुलगी लिनेट तेव्हा लहान होती. आर्डिस हिवाळ्यात शाळेची बस चालवायची आणि कापणीच्या दिवसांत गव्हाचे ट्रक नदीकाठच्या कोठारापर्यंत नेऊन रिकामे करायची. बस चालवताना पोर बरोबर नेता येई. ट्रकवर नेता येत नसे. मग ती पडदे ओढायची, रेडिओ बारीक लावून ठेवायची, लिनेटला सांगायची, "खिडकीशी यायचं नाही. दार वाजलं तरी ओ द्यायची नाही. घरात कुणी नाही असं वाटलं पाहिजे," आणि बाहेरून कुलूप लावून जायची. दिवसभरात एकदाच, संध्याकाळच्या खेपेआधी, ट्रक आडोशाला उभा करून घरी यायची, पोरीला खाऊ घालायची, वेणी घालायची आणि पुन्हा कुलूप लावून जायची. गावात ह्याचा बोभाटा झाला. चर्चमध्ये एका बाईनं तिला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात म्हटलं होतं, "मांजरसुद्धा पिल्लांजवळ बसतं."

लिनेटला काही झालं नाही. ती शिकली, खाली दरीतल्या इस्पितळात नर्स झाली, लग्न केलं, मोडलं. आईला दर रविवारी फोन करायची. पण त्या कुलपाचा आवाज तिच्या बोलण्यात कुठेतरी असायचाच, आणि आर्डिसला तो ऐकू यायचा.

गुडघे गेले आणि बसचं काम सुटलं त्या सुमारास वन्यजीवांचं काम करणारी माणसं पठारावर हिंडू लागली. त्यांना न नांगरलेली सेजची जमीन हवी होती. तशी जमीन आर्डिसकडे तुकडाभर उरली होती, चहूबाजूंनी काळ्या दगडांनी वेढलेली. हाल्वरला आत नांगर नेता आला नाही, एवढंच त्या जमिनीचं पुण्य. त्या लोकांनी दगड बाजूला सारून आत जायला रस्ता केला, फाटक बसवलं, उंच जाळी मारली, वरून घारी येऊ नयेत म्हणून तारा ओढल्या, आणि दूरच्या पिंजऱ्यांत वाढवलेले ठेंगू आणून आत सोडले. कुंपणाची डागडुजी करायला, फांद्या तोडून घालायला कुणीतरी जवळचं हवं होतं. आर्डिस 'हो' म्हणाली.

त्या लोकांची म्होरकी होती मारिबेल केसाडा. तिचे आईबाप खालच्या बागांत सफरचंदं तोडणारे. ती शिकून परत आली होती आणि पठारावरच्या म्हाताऱ्यांशी त्यांच्याच शेतांबद्दल वाद घालायला भीत नव्हती. तिनंच पहिल्यांदा एक ठेंगू आर्डिसच्या हातात दिला. तळहातावर मावला. वजन असं की हातात धरलंय की नाही ह्याची शंका यावी, पण काळीज मात्र एंजिनासारखं चाललेलं.

"पिल्लू आहे?" आर्डिसनं विचारलं.

"आजोबा आहेत," मारिबेल म्हणाली. "लोक नेहमी फसतात. पांढरशेपट्याचं पोर दिसलं की फोन करतात, ठेंगू सापडला म्हणून. मी धावत येते, ते पोर उलटं वळतं, आणि मागून पांढरं!"

पहिल्या वसंतात मारिबेलनं तिला दुसरी गोष्ट सांगितली. दोघी फाटकाशी डबा खात बसल्या होत्या. पांढरशेपट्या बीळ खणत नाही, मारिबेल म्हणाली, दुसऱ्यानं सोडलेलं वापरतो आणि पिल्लांसाठी वर गवताची उथळ खळगी करतो. ठेंगू स्वतःचं बीळ स्वतः खणतो, म्हणून तर त्याला मऊ, खोल माती लागते. पण व्यायची वेळ आली की मादी त्या बिळात राहत नाही. ती दूर कुठेतरी वेगळं बीळ खणते, त्यात पिल्लं घालते, आणि बाहेर येऊन तोंड मातीनं बुजवते. वरून दाबते, काटक्या ओढते. बाजूला बसलेल्या माणसालाही कळणार नाही असं. मग निघून जाते.

"निघून जाते?"

"दिवसात एकदा येते. तिन्हीसांजेला. माती उकरते, पाजते, पुन्हा बुजवून जाते. जवळ बसली तर तिच्या वासानं रानमांजर येईल, कोल्हा येईल. तिचं दूर राहणं हेच पिल्लांचं छप्पर."

आर्डिस आधी हसली. मग तिनं हातातलं सँडविच कागदात परत गुंडाळलं.

त्या रविवारी तिनं हे लिनेटला फोनवर सांगितलं. सांगताना ती थोडी अडखळली, कारण ती नुसती सशाची गोष्ट सांगत नव्हती, आणि लिनेटलाही ते कळलं.

"म्हणजे फरक एवढाच," लिनेट पलीकडून म्हणाली, "की त्या सशिणीला रेडिओ लावून जाता येत नाही."

मग दोघीही हसल्या. बऱ्याच वर्षांत त्या एकदम हसल्या नव्हत्या.

तिथून पुढे आर्डिसचा त्या जनावरांत जीव अडकला. हिवाळ्यात ते ठेंगू सेजच्या फांद्यांवर चढून शेंड्याचा पाला खात, आणि ती जाळीबाहेर पाय बधिर होईपर्यंत उभी राही. लांबकान्यासारखी त्यांना झेप नाही. पोट मातीला घासत, झुडपाच्या सावलीतून सावलीत ते सरपटल्यासारखे धावतात. उघड्या जागेची त्यांना भीती वाटते. "माझ्यासारखे आहेत," ती मारिबेलला म्हणायची. "मलाही नदीपलीकडे गेलं की धडधडतं."

एक वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी रोगानं काही गेले. तिसऱ्या वर्षी जूनच्या अखेरीस, गहू पिवळा पडायला लागला असताना, एका दुपारी पश्चिमेकडे थेंबही न पडता नुसत्या विजा पडल्या.

पठारावर आग लागली की बंबाची वाट कुणी बघत नाही. बंब येईस्तोवर राखच विझवायची उरते. ज्याच्या अंगणात ट्रॅक्टर असेल तो त्याला गोल पोलादी तव्यांचा नांगर जोडतो आणि आगीच्या पुढे जाऊन जमीन उलटीपालटी करून टाकतो. उघड्या मातीला आग ओलांडत नाही. कुणाचं शेत, कुणाची मेंढरं, हे नंतर बघायचं असतं. हाल्वरनं असं केलं होतं, ऑर्व्हलच्या बापानं केलं होतं. त्या दिवशी ऑर्व्हलनं स्वतःच्या गव्हाकडे पाठ फिरवली आणि ट्रॅक्टर थेट आर्डिसच्या फाटकाशी आणला.

धूर इतका होता की ट्रॅक्टरचा रंग दिसत नव्हता. पश्चिमेच्या जाळीलगतचं सेज आधीच पेटलं होतं.

"सगळं वाचणार नाही!" ऑर्व्हल ओरडला. "पूर्वेचा कोपरा वाचेल! कुठून घालू सांग! दगडावर गेलो तर तवे फुटतील आणि मी इथेच भाजून निघेन!"

त्या क्षणी आर्डिसला आठवला तिच्या बापाचा नियम. पठारावर चालायला लागलेल्या प्रत्येक पोराला तो शिकवला जातो: सेज गुडघ्याएवढं असेल तिथं खाली दगड, सेज छातीला लागेल तिथं माती खोल. नांगर तिथं घालावा. ह्याच नियमानं अख्खं पठार गव्हाखाली आलं होतं. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, हातात उंच धरला आणि ट्रॅक्टरच्या पुढे, सर्वांत उंच सेजमधून धावत सुटली. गुडघे दुखल्याचं तिला नंतर आठवलंही नाही. "इथून! इथून ये! इथं दगड नाही!"

तवे एकदाही फुटले नाहीत. फाटकापासून मागच्या जाळीपर्यंत रुंद, काळाभोर पट्टा उलटला गेला. ऑर्व्हलनं परत फिरून दुसरा हात मारला. आग पट्ट्याशी आली, उभी राहिली, इकडेतिकडे वास घेतल्यासारखी हलली आणि खाली बसली. पूर्वेचा कोपरा वाचला.

धावताना आपण ठेंगूंना हाकारत होतो, "पळा रे, पळा," हे आर्डिसला आठवत होतं. जे पळू शकतात त्यांचाच तिनं विचार केला होता.

वाचलेल्या कोपऱ्यात, आडोशासाठी पुरलेल्या एका प्लॅस्टिकच्या नळीच्या तोंडाशी तिला एक मादी सापडली. मिशा जळलेल्या, पण जिवंत. तिनं ती धान्याच्या पोत्यात गुंडाळून घरी आणली. बाकीच्या जागेत जे सापडलं ते उचलायलाही मन होईना. मारिबेल रस्ता खुला झाल्यावर पोचली, तेव्हा पठारावर त्या कुंपणातली एवढी एकच मादी उरली होती.

सकाळी मारिबेलनं तिला आर्डिसच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, टॉवेलवर घेतलं. डोळे बघितले, पंजे बघितले. मग तिला उताणी केलं आणि पोटाच्या केसांवर हलकी फुंकर मारली. केस बाजूला झाले. मारिबेल तशीच वाकून राहिली.

"आर्डिस."

"काय?"

"हिला दूध आहे."

स्वयंपाकघरात कॉफी उकळत होती. कुणीच ती उतरवली नाही.

"म्हणजे पिल्लं आहेत," आर्डिस म्हणाली.

"होती किंवा आहेत. जमिनीखाली आहेत म्हणजे आग वरून गेली असेल. जगली असतील. पण काल संध्याकाळी ही तुमच्या पोत्यात होती." मारिबेलनं मादीला परत पेटीत ठेवलं. "काल पाजलेलं नाही. आज पाजलं नाही तर..."

तिनं पेटीचं झाकण लावलं.

लिनेट रजा टाकून आली होती, आईला धुरानं काही झालं का बघायला. ती छाती तपासायचं यंत्र घेऊन आत आली आणि काही वेळातच दोघींबरोबर राखेत गुडघ्यांवर बसली. शोधायचं काय, तर न दिसणारी गोष्ट. आईनं मुद्दाम कुणाला दिसू नये म्हणून बुजवलेलं दार, आणि आता त्यावर राखेचा थर. वाचलेला कोपरा आधीच पालथा घातला होता. आता तिघी झाडूनं राख झटकत, तळव्यानं माती दाबून बघत पुढे सरकत होत्या. कुठं मऊ लागलं की मारिबेल चमच्यानं उकरायची. खाली जुनी उंदराची बिळं, जळलेली मुळं, एकदा एक मेलेला सरडा.

दुपार झाली. लिनेटच्या चेहऱ्यावर काजळी, घामानं त्यावर रेघा.

"आई, तू सारखी त्या दगडांच्या बाजूला का बघतेस? माती तर इकडे चांगली आहे."

"इकडे नांगरलंय."

"तेच म्हणते. नांगरलंय तिथं कुणीच बघितलं नाही."

"नांगरलंय तिथं काय असणार?" आर्डिस म्हणाली आणि दगडांच्या बाजूला आणखी पुढे सरकली.

लिनेट तिच्याकडे बघत राहिली. मग आईच्या शेजारी बसून तीही दगडाच्या कडेची राख झटकू लागली, जिथं बोटभर मातीखाली खडक होता आणि कुठल्याही सशानं कधी बीळ खणलं नसतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा मारिबेलनं झाडू खाली ठेवला.

"एकच उपाय आहे," ती म्हणाली. "हिला माहीत आहे कुठं आहेत. हिला सोडायची."

"इथं? ह्या उघड्यावर?" आर्डिस म्हणाली. "एक झुडूप नाही. घारीला ताटात वाढून दिल्यासारखं होईल."

"मला माहीत आहे."

"एकच उरलीय म्हणालीस."

"तेही माहीत आहे, आर्डिस. तुम्हीच सांगा मग."

आर्डिसला वाटलं, आपण नाही म्हणावं. नाही म्हटलं तर निदान एक तरी हाताशी राहील, आणि काय ते कधीच कळणार नाही. पण त्या पेटीत मादी एकसारखी कोपरे खरवडत होती. दिवस कलल्यापासून ते सुरू झालं होतं.

"सोड," ती म्हणाली.

त्यांनी जळलेल्या जागेभोवती जाळं उभं केलं. मारिबेलनं मादीच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारं बारीक यंत्र बांधलं. लिनेट हातात लांब काठी घेऊन आभाळाकडे बघत उभी राहिली, घार आली तर हाकलायला. तिन्हीसांजेचा वारा पडला होता. मारिबेलनं पेटी आडवी करून दार उघडलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग ती करडी मूठ बाहेर आली. थांबली. जिथं सावल्या असायच्या तिथं सावल्या नव्हत्या, वास असायचे तिथं एकच वास होता. ती राखेला पोट लावून सरपटत निघाली. मागे एक बारीक रेघ उमटत गेली. दगडांकडे ती गेलीच नाही. मधल्या काळ्या जागेतही थांबली नाही. सरळ पट्ट्याशी गेली.

नांगरलेल्या ढेकळांच्या कडेला ती उभी राहिली. मग आत चढली. ढेकळावरून घसरली, परत चढली. एका जागी उकरू लागली. थोडं उकरलं, थांबली, हातभर बाजूला गेली आणि तिथं उकरू लागली. परत कडेला आली, पुन्हा तिथूनच सुरुवात करून मोजल्यासारखी चालत गेली आणि पुन्हा उकरू लागली. माती मऊ होती, हवी तशी खोल होती. ती उकरत होती आणि माती बाजूनं आत पडत होती.

लिनेटनं काठी खाली टेकवली. "आई," ती म्हणाली.

मारिबेल पट्ट्यात उतरली. मादी उकरत होती तिथून तव्यांच्या दिशेनं थोडं पुढे तिनं हातांनी ढेकळं फोडली. एका ढेकळाच्या पोटात तिला सेजच्या सालीचा आणि मऊ करड्या केसांचा चुरगळलेला गोळा मिळाला, आईनं स्वतःच्या पोटाचे केस उपटून केलेलं अंथरूण. तिनं आणखी शोधलं. मग तिनं शोधणं थांबवलं, आणि वर मान करून काय सापडलं ते सांगितलं नाही. त्यावर माती परत लोटली.

"मीच दाखवलं त्याला," आर्डिस म्हणाली. "रुमाल हलवत पुढे धावले मी. इथं दगड नाही, इथून ये म्हटलं."

"तुम्ही नसतं दाखवलं तर हीसुद्धा राहिली नसती," मारिबेल म्हणाली.

ते खरं होतं. त्या खरेपणाचा आर्डिसला काही उपयोग नव्हता. ती पट्ट्यात बसली. उंच सेज पाहून माती खोल असणार हे तिच्या बापाला कळलं होतं, तिला कळलं होतं, आणि त्या मूठभर जनावरालाही तेच कळलं होतं. पठारावर चांगली जागा ओळखायची खूण एकच होती, आणि ती सगळ्यांना कळत होती.

मादीला पुन्हा पकडायला वेळ लागला नाही. ती पळालीच नाही. लिनेटनं वाकून तिला दोन्ही हातांनी उचललं तेव्हाही तिचे पुढचे पंजे हवेत हलत होते.

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हल आला. त्याच्या भुवया जळल्या होत्या, त्यामुळे चेहरा सारखा चकित झाल्यासारखा दिसत होता. हातात बायकोनं भाजलेली रूबार्बची पाई, आंबट देठांचं गोड सारण भरलेली जाड पोळी, काचेच्या भांड्यात, वरून कापड. त्याचा स्वतःचा गहू एका बाजूनं गेला होता, त्याबद्दल तो बोललाच नाही.

"एवढ्या वर्षांत असा सरळ पट्टा मारला नव्हता," तो खुर्चीत बसत म्हणाला. "हाल्वरकाका असता तर म्हणाला असता, वाकडाच आहे. पण सरळ होता. एकही तवा फुटला नाही, आर्डिस!"

"सरळ होता," आर्डिस म्हणाली.

"गावात ऐकलं, त्या उंदरीला पिल्लं होती म्हणे. शोधताय. मी येऊ का? डोळे अजून चांगले आहेत माझे. भुवया नाहीत, पण डोळे आहेत."

लिनेट सिंकपाशी उभी होती. तिनं नळ बंद केला.

"नव्हतीच," आर्डिस म्हणाली. "मारिबेलनं पुन्हा बघितलं. कधीकधी दूध नुसतंच येतं म्हणे. पिल्लं नव्हतीच."

"हुश्श," ऑर्व्हल म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. "मी रात्रभर हेच म्हणत होतो आमच्या हिला, एवढी धावपळ करून एखादं पिल्लू राहून गेलं असलं तर... बरं झालं. मग एक तरी वाचवली आपण."

"एक वाचवली."

त्यानं पाईचा मोठा तुकडा खाल्ला, कॉफी घेतली, आणि पुढच्या वर्षी गहू कुठं घालणार हे सांगत गाडीपर्यंत गेला. गाडीतून हात केला. आर्डिसनंही केला.

"का?" लिनेटनं विचारलं.

"तो स्वतःचं शेत सोडून आला होता."

"आणि तू? तू काय करणार आहेस हे घेऊन?"

आर्डिसनं टेबल पुसलं. लिनेटनं तिच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि तिला खुर्चीत बसवलं, तिच्या छातीला यंत्र लावलं, ऐकलं. धुराचं काही नव्हतं. ती तशीच जवळ बसून राहिली आणि संध्याकाळी दरीत परत जायच्या आधी तिनं विचारलं, "माझ्याकडे येऊन राहतेस का थोडे दिवस?" आर्डिस नको म्हणाली. लिनेट दाराशी थांबली, दार ओढलं, पण कुलूप लागल्याचा आवाज होऊ दिला नाही.

मारिबेल मादीला घेऊन दूरच्या पिंजऱ्यांकडे गेली. तिकडे ती जगली. पाला खाते, असं मारिबेल फोनवर सांगायची. दूध आटलं. नराजवळ सोडली, पण पुन्हा व्याली नाही. जळलेल्या जागेत पुढच्या वसंतात सेज उगवलं नाही. त्याला पुन्हा छातीएवढं व्हायला एक माणसाचं आयुष्य लागतं. त्याजागी परकं पिवळं गवत आलं, जे सगळ्यांत आधी येतं आणि सगळ्यांत आधी पेटतं. वाचलेल्या कोपऱ्यातल्या मोकळ्या नळ्यांत पांढरशेपटे राहायला आले. त्यांची जाळी दुरुस्त करायला आता कुणी आर्डिसला सांगत नव्हतं. फाटकाची किल्ली मात्र अजून तिच्याकडेच होती.

पठारावर कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. पाई दिली तर पाई, निदान ब्रेड, निदान चार अंडी. आग लागली त्याच आठवड्यात आर्डिसनं ऑर्व्हलचं ते काचेचं भांडं धुतलं, पुसलं आणि ओट्यावर ठेवलं. दोनतीनदा तिनं पीठ बाहेर काढलं. मळायला घेतलं की हाताला त्या पट्ट्यातल्या मातीसारखं मऊ लागायचं आणि ती हात धुऊन टाकायची. कापणी सुरू झाली, ऑर्व्हलचा उरलेला गहू कोठारात गेला, त्याची बायको रस्त्यात भेटली तेव्हा भांड्याबद्दल काही बोलली नाही. भांडं ओट्यावरच होतं, रिकामं.